केअरवोखंची पाटी

गेल्या गुरुवारी रद्दी टाकायला खाली गेले तर कागदाच्या डब्यात अगदी वरच ती पाटी पडलेली. तळहाताहून थोडी मोठी, लाकडी, कडा झिजून गोल झालेल्या, वर काळ्या अक्षरात ‘केअरवोखं’, म्हणजे झाडण्याचा आठवडा, एवढंच लिहिलेलं, आणि दाराच्या मुठीला अडकवायला एक सुतळी, जी इतक्या वर्षांत इतक्या हातांनी पार काळी पडली होती. मी रद्दी तिथेच जमिनीवर ठेवली, पाटी उचलली, ओढणीने पुसली आणि वर घेऊन आले. आज आठवडा झाला, ती ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी उभी आहे आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाहीये. नवऱ्याने दोनदा विचारून झालं, हे इथे कशाला आणलंस. मी म्हटलं राहू दे ना जरा.

आम्ही पुण्याहून इकडे जर्मनीत श्टुटगार्टला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधली माणसं शेवटी इथे येतातच, त्यात नवल नाही. घर मिळालं ते शहराच्या पश्चिम भागात, जुनी दगडी बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि लाकडी जिना, ज्याची प्रत्येक पायरी वेगळ्या सुरात करकरते. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात रविवारी रात्री बाहेरून आलो तर आमच्या दाराच्या मुठीला ही पाटी लटकलेली. मला वाटलं कोणी चुकून लावली असेल. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने समजावून सांगितलं की बाई, हा आठवडा तुमचा, जिना तुम्ही झाडायचा आणि पुसायचा. शेजारच्यांचा आठवडा संपला की ते पाटी तुमच्या दाराला लावणार, तुमचा संपला की तुम्ही पुढच्याच्या दाराला लावायची, कोणी कोणाला काही बोलायचं नाही, पाटीच बोलते. त्यात पण धाकटी केअरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, आणि थोरली म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ.

मी शनिवारी सकाळी मन लावून झाडलं. मनात एक जिद्द होती की हे लोक नंतर बोलायला नकोत. पहिल्या मजल्यापर्यंत आले तर तळमजल्यावरच्या बाई, त्या वेळी पंचाहत्तरीच्या पुढच्या, दार उघडून उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायरीकडे, आणि बोटाने दाखवून म्हणाल्या, “उंड दी एकन?” म्हणजे, आणि कोपरे? एवढंच. मग आत जाऊन स्वतःचा झाडू घेऊन आल्या आणि मी नुकत्याच झाडलेल्या प्रत्येक पायरीचा कोपरा न् कोपरा परत झाडून काढला, माझ्यासमोर, एक शब्द न बोलता.

तेव्हा जो आवंढा आला तो मला अजून आठवतो. मला वाटलं हे माझ्या रंगामुळे, माझ्या मोडक्या जर्मनमुळे. कितीतरी महिने मी त्यांच्या दारावरून जाताना पायरी न वाजवता जायचा प्रयत्न करत होते.

पण तो शब्द मात्र कानात बसला. केअर. जर्मनमध्ये ‘केअरन’ म्हणजे झाडणं, आणि आपण केर काढतो. दोन भाषांच्या मुळांशी याचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही, पण परदेशात पहिल्या हिवाळ्यात, जेव्हा एक शब्द धड कळत नसतो, तेव्हा असा एखादा ओळखीचा आवाज आला की माणूस त्याला धरून बसतं. मी पाटीला ‘केराची पाटी’च म्हणायला लागले आणि मग त्याबरोबर राजापूरची आजी आली. तिन्हीसांजेला केर काढू नको, काढलास तर उंबऱ्याबाहेर टाकू नको, लक्ष्मी जाते. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार कर. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच केरसुणी हातात घेऊन पहाटे सगळ्यांच्या आधी घर झाडायचं, हिराचा खराटा वेगळा आणि घरातली केरसुणी वेगळी, एकीने दुसरीचं काम केलेलं तिला चालायचं नाही.

आणि आजीच्या मागोमाग दुसरीही एक आठवण आली, जी तितकी गोड नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत मी सोळा वर्षं राहिले. जिना रोज झाडलेला असायचा. कोण झाडायचं? एक मावशी यायच्या. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्यांना पाणी दिलं जायचं ते वेगळ्या पेल्यात, आणि तो पेला कोणी ठेवला, कधीपासून, हे घरात कोणी कधी विचारलं नाही, मी पण नाही. इथे तिसऱ्या मजल्यावर युनिव्हर्सिटीतले एक प्रोफेसर राहतात, त्यांना पहिल्यांदा शर्टाच्या बाह्या दुमडून जिन्यावर गुडघे टेकून फरशी घासताना बघितलं तेव्हा मी चक्क थांबले. त्यांना त्यात विशेष काहीच वाटत नव्हतं. त्यांच्या दाराला पाटी होती म्हणून ते घासत होते. आपल्याकडे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, आपण त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांच्या नावाने अभियान काढलं, विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, पण तो खराटा काही दारोदार फिरवला नाही. ही पाटी इथे दारोदार फिरते. कोणाचंच दार सोडत नाही.

हे सगळं कुठून आलं म्हणून मग मी वाचायला लागले. श्वाबेनचे, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या ह्या मुलखातले लोक स्वच्छतेचं वेड घेऊनच जन्माला येतात असं बाकीचे जर्मन म्हणतात, कंजूस म्हणतात, हेकट म्हणतात, त्यांच्या बोलीची नक्कल करतात. ही बोली मला आवडते. प्रत्येक नामाला ‘ले’ लावून त्याला लहान आणि लाडकं करून टाकतात, घराला ‘हाउस’ न म्हणता ‘हॉयस्ले’, आपलं घरकुलच की. १९९९ मध्ये इथल्या राज्य सरकारने जाहिरात काढली होती, आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढं सोडून. पुण्याजवळ राहून सातारी-कोल्हापुरी बोलणाऱ्यांना ह्यातला ताठा लगेच कळेल.

तर झाडण्याचा पहिला कायदा सापडतो थेट १४९२ मध्ये. तेव्हा इथे ग्राफ (म्हणजे सरदार) एबरहार्ड राज्य करायचा, लांब दाढीमुळे त्याला दाढीवाला एबरहार्डच म्हणतात. गल्ल्यांमधून डुकरं, शेण, उकिरडे, आणि त्याने हुकूम काढला की प्रत्येकाने आपल्या दारातली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकायची. हा इथल्या लोकांचा फार लाडका राजा. राजवाड्याच्या बागेत त्याचं एक शिल्प आहे, त्यात तो एका मेंढपाळाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय, कारण गोष्ट अशी सांगतात की बाकीचे राजे आपापल्या खाणींची आणि शहरांची बढाई मारत होते तेव्हा हा म्हणाला, माझ्या राज्यात मी रानात कुठल्याही रयतेच्या मांडीवर निर्धास्त झोपू शकतो. मी पहिल्यांदा ते शिल्प बघितलं तेव्हा मला ते इतकं आवडलं की फोटो काढून आईला पाठवला. नंतर वाचलं की ह्याच एबरहार्डने १४७७ साली ट्यूबिंगनचं विद्यापीठ काढलं, जे आजही नावाजलेलं आहे, आणि त्याच सुमाराला त्या गावातल्या ज्यू लोकांना बाहेर काढलं. पुढे मृत्युपत्रातसुद्धा लिहून ठेवलं की आपल्या मुलखात ज्यूंना राहू देऊ नये. मृत्युपत्र कुठल्या सालचं? १४९२.

तेच साल.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्या बागेतून गेले की त्या शिल्पाकडे नीट बघू शकत नव्हते. एकाच हाताने उकिरडा पण काढायचा आणि माणसं पण. आपल्याला हे नवीन नाही. सोवळ्याच्या नावाखाली आपण काय काय उंबऱ्याबाहेर ठेवलं ते आपल्यालाच माहीत, आणि तो वेगळा पेला तर माझ्या स्वतःच्या घरातला होता.

कंजूसपणाचं मात्र माझं मत पार बदललं. इथे बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची जुनी चाल होती, जर्मनीत बाकी बऱ्याच ठिकाणी सगळी एकट्या वारसाला मिळायची. म्हणजे दर पिढीला तुकडे, तुकड्याचे तुकडे, शेवटी एकेकाच्या वाट्याला द्राक्षाच्या वेलांच्या चार ओळी आणि भाजीचा वाफा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आमच्या घराण्याच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की ती वाचेपर्यंत चहा गार होतो. एवढ्याशा तुकड्यावर पोट भरेना म्हणून मग हिवाळ्यात घरी बसून काहीतरी बनवायचं, विणायचं, घड्याळं दुरुस्त करायची, मापं-तराजू करायचे. मोटारी बनवणारा डाइमलर हा शोर्नडोर्फ गावातल्या एका पाववाल्याचा मुलगा, आधी बंदुका बनवायचं काम शिकलेला. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये आपला छोटा वर्कशॉप काढला तो आमच्याच भागात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आज ज्या कंपन्यांची नावं पुण्याच्या चाकणपासून सगळीकडे आहेत, त्यांच्या मुळाशी जमिनीचा पुरत नसलेला तुकडा आहे असं मला तरी वाटतं.

आणि भूक. १८१५ मध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख आभाळभर पसरून १८१६ ला युरोपात उन्हाळा आलाच नाही. पीक शेतातच सडलं. इथली हजारो माणसं होतं नव्हतं ते विकून नदीने खाली रशियाच्या दिशेने आणि अमेरिकेला निघून गेली. जे मागे राहिले त्यांनी पिठात लाकडाचा भुसा मिसळून भाकऱ्या भाजल्या. तेव्हाचा राजा विल्हेल्म आणि रशियाहून आलेली त्याची राणी काटारीना, दोघंही नुकतीच गादीवर आलेली. तिने गरिबांसाठी मदतीचं काम उभं केलं, सेव्हिंग बँक काढली, आणि वयाच्या तिशीत, १८१९ च्या जानेवारीत वारली. १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतकी शाळा निघाली, आणि त्याच वर्षी कानश्टाटला शेतकऱ्यांची जत्रा भरवली, चांगलं पीक, चांगली गुरं आणणाऱ्यांना बक्षिसं. ती जत्रा आजही सप्टेंबरअखेरीस भरते. तंबू, बिअर, आकाशपाळणे, प्रचंड आवाज, पण मध्यभागी धान्याने आणि भाज्याफळांनी सजवलेला एक उंच खांब उभा असतो. लोक त्याच्याखाली भेटायचं ठरवतात, खांबाखाली भेटू म्हणून. मी दरवर्षी जाऊन त्या कणसांकडे बघून येते. ज्यांच्या पणज्यांनी भुसा खाल्ला त्यांच्या घरात पाव टाकून देत नाहीत, त्याला कंजूसपणा म्हणणाऱ्याला मी हल्ली तिथेच थांबवते.

त्यात पुन्हा धर्म. इथले पिएटिस्ट लोक, म्हणजे घरोघरी बैठक घालून बायबल वाचणारे, साधं राहा, काम करा, मिरवू नका म्हणणारे. आपल्याकडच्या माळकरी घरांची आठवण होते. त्यांच्यातलीच पुष्कळ मुलं बासेल मिशनमधून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मल्याळमचा मोठा कोश करणारा हेरमान गुंडर्ट मूळ श्टुटगार्टचा, १८१४ चा जन्म, आणि लेखक हेरमान हेस्से हा त्याचा नातू, त्याची आई केरळात तलश्शेरीला जन्मलेली. ह्याच मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मंगलोरी कौलं! आजीच्या घरावर तीच पद्धतीची कौलं होती, लहानपणी पावसात त्यांचा आवाज ऐकत झोपायचो. हे कळलं त्या संध्याकाळी मी आमच्या गॅलरीतून समोरच्या लाल छपरांकडे खूप वेळ बघत बसले.

तळमजल्यावरच्या बाईंशी माझं कसं जुळलं हे सांगायचं राहिलंच. आमच्या बिल्डिंगच्या दारासमोर फुटपाथमध्ये दोन छोटे पितळी चौकोन बसवलेत, दहा-दहा सेंटीमीटरचे, ‘अडखळण्याचे दगड’ म्हणतात त्यांना. वर ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, आणि नाझींनी कुठे नेलं. एक नवरा आणि एक बायको. लात्वियातलं रीगा. १ डिसेंबर १९४१ ला श्टुटगार्टच्या उत्तरेकडच्या स्टेशनातून सुमारे हजार ज्यू माणसांना घेऊन गाडी गेली होती, त्याआधी त्यांना किलेसबर्गच्या उद्यानाच्या जागेत गोळा केलं होतं, जिथे दोनच वर्षांपूर्वी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. जवळजवळ कोणीच परत आलं नाही. ही दोघं त्या गाडीत होती, आणि ती ह्याच जिन्यावरून उतरली असणार. ह्याच करकरणाऱ्या पायऱ्या, दुसरा जिना नाहीच आमच्याकडे.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात बघितलं तर बाई गुडघ्याखाली उशी घेऊन त्या दगडांवर फडकं घासत होत्या, पण पितळ काही उजळेना, काळपट डाग तसेच. माझ्याकडे समईसाठी पुण्याहून आणलेली पितांबरी होती. मी वर जाऊन पुडी घेऊन आले, थोडी ओल्या फडक्यावर घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले. दोन मिनिटांत अक्षरं सोन्यासारखी वर आली. त्यांनी पुडी हातात घेतली, वास घेतला, उलटून बघितली, वरची मराठी अक्षरं बोटाने चाचपली, आणि काही न बोलता मला परत दिली. पण डिसेंबरात आमच्या दाराला पिशवी लटकलेली, आत घरी केलेल्या स्पेट्सलंचा, म्हणजे इथल्या शेवयांचा डबा. इथे एक म्हण आहे, ‘नेट ग्शिंप्ट इश ग्लोब्ट ग्नूग’, ओरडा बसला नाही म्हणजे कौतुक झालंच समजायचं. माझे वडील असेच होते. दहावीचा निकाल बघून म्हणाले होते, “बरं.”

पुढे दर वर्षी पुण्याहून येताना मी त्यांच्यासाठी पितांबरी आणायचे. त्या मला शेवटपर्यंत ‘झी’ म्हणाल्या, म्हणजे अहो-जाहो, आणि मी पण त्यांना. मनात आजी म्हणायचे, तोंडाने कधी नाही.

एकदा वसंतात त्यांनी मला बिर्केनकोफला नेलं. शहराच्या कडेची टेकडी, लढाईनंतर १९५३ ते ५७ च्या दरम्यान बॉम्बने पडलेल्या घरांचा राडारोडा गाड्या भरभरून तिथे नेऊन टाकला, त्याने टेकडी चाळीसएक मीटर उंच झाली, आता ५११ मीटर आहे. वर गेलं की नुसते दगड, खिडक्यांच्या महिरपी, खांबांचे तुकडे, कुठे दुकानाच्या पाटीची अर्धी अक्षरं, त्यातून गवत आणि बर्चची झाडं उगवलेली, आणि खाली पसरलेलं सगळं शहर. १९४४ मध्ये त्या सहा वर्षांच्या होत्या, त्यांचं घर त्या जुलैत पडलं. आई विटांवरचा चुना हातोडीने खरवडायची आणि त्या विटा रचायच्या, मोजून. त्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आमचा जिना इथेच कुठेतरी आहे.”

मला तेव्हा कोपरे आठवले. मी काही विचारलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. घर रंगवून झालं, नवीन माणसं आली, दोघंही कामावर जाणारी, लहान बाळ, स्वभावाने छान आहेत. मग मॅनेजमेंटचं पत्र आलं की ह्या महिन्यापासून जिना आणि फुटपाथचं काम एका क्लीनिंग कंपनीला दिलंय, खर्च दरमहाच्या बिलात येईल. कोणी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मी पण नाही, माझे गुडघे दुखतात, आणि शनिवार सकाळ मोकळी मिळाली तर कोणाला नको असते. शहराने पण सक्ती १९८८ मध्येच सैल केली होती, गरजेप्रमाणे झाडा म्हणून. मोठ्या बिल्डिंगांमध्ये तर हे कधीचंच झालंय. तरी पत्र हातात घेऊन उभी राहिले तेव्हा पुण्याचा जिना डोळ्यांसमोर आला. रोज झाडलेला. आणि तो पेला.

पाटी ज्याने डब्यात टाकली त्याची काही चूक नाही. आता ती कोणाच्या दाराला लावणार?

आज परत गुरुवार. सकाळी पितांबरी आणि फडकं घेऊन खाली गेले, कारण कंपनीच्या कामाच्या यादीत ते दगड असतील असं मला वाटत नाही. मी घासत होते तेवढ्यात क्लीनिंगच्या बाई बादली घेऊन दारातून बाहेर आल्या, माझ्याच वयाच्या, डोक्याला निळा रुमाल, जर्मन माझ्या पहिल्या वर्षीसारखं. मला बघून त्यांनी बादली खाली ठेवली आणि पाणी न टाकता थांबल्या. मी माझं नाव सांगितलं, त्यांनी त्यांचं सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी परत विचारलं आणि त्यांनी हळूहळू परत सांगितलं. मग त्या वाकल्या, दगडावरची अक्षरं वाचली, सावकाश, ओठ हलवत. दुसऱ्या दगडाच्या डाव्या कडेला अजून काळं राहिलं होतं. त्यांनी तिथे बोट ठेवलं. “हीअर आउख,” म्हणाल्या. इथे पण.

मी फडकं उलटं केलं आणि तो कोपरा घासला.